सांगायचं असलं की भाषा येते

१८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली. नववी ‘ब’चे पहिल्या सत्राचे इंग्रजीचे पेपर आज वाटले. कमी मार्कांचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते कोऱ्या पानांचं. पत्रलेखनाचा प्रश्न निम्म्याहून जास्त मुलांनी सोडूनच दिला होता. चुकीचं लिहिलं असतं तर सुधारून देता आलं असतं. कोऱ्या पानावर काय सुधारणार?

स्टाफरूममध्ये नेहमीचं वाक्य कानावर आलं, ‘ह्या पोरांना इंग्रजीची गोडीच नाही.’ मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून ही वही सुरू करते आहे. जळगावातल्या आमच्या मेहरूणचं पोर घरी आजीशी लेवा बोलीत बोलतं. अमळनेर-पारोळ्याचे पाहुणे आले की त्यांची अहिराणी त्याला बरोबर समजते. गल्लीत हिंदी, उर्दू शाळेतल्या मित्रांबरोबर क्रिकेट खेळताना त्या हिंदीत उर्दूचे शब्द, आणि वर्गात पाय ठेवला की पुस्तकी मराठी. दिवसभर एवढ्या भाषांतून ये-जा करणाऱ्या मुलाला ‘भाषेत कच्चा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही मुलं आठ वर्षं इंग्रजीच्या तासाला बसली आहेत. ह्या आठ वर्षांत इंग्रजीतून कुणाला तरी काही सांगावं, अशी गरज त्यांना एकदा तरी पडली का? शोध घ्यायचा तो ह्याचा.

२१ नोव्हेंबर

आज मुलांना चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. प्रश्न एकच, मराठीतून: इंग्रजी कशासाठी शिकायची? नाव लिहायचं नाही. घरी येऊन सगळ्या वाचल्या. ‘नोकरीसाठी’, ‘इंटरव्ह्यूसाठी’, ‘दहावीत पास व्हायला’. एकाने लिहिलंय, ‘मोबाईलवर गेम खेळताना समोरचा काय बोलतो ते कळावं म्हणून.’ आणि एका चिठ्ठीवर फक्त, ‘मले येत नही.’

कॅनडात रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ साली माँट्रियलच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं फ्रेंच शिकणं अभ्यासलं. काही जण कामाला येईल म्हणून भाषा शिकतात, काही जण त्या माणसांत मिसळता यावं म्हणून, असं त्यांनी मांडलं. माँट्रियलमध्ये फ्रेंच बोलणारा शेजार होता. मेहरूणमध्ये इंग्रजी बोलणारा शेजार नाही, त्यामुळे मिसळायचं कुणात? राहिली नोकरी. पण चौदा वर्षांच्या मुलासाठी नोकरी फार लांब आहे. आज चौथ्या तासाला पुस्तक उघडायला ती कामी येत नाही.

हंगेरीच्या झोल्टान डोर्नेई यांच्यापुढेही हीच अडचण होती, कारण हंगेरीतल्या मुलांनाही इंग्रजी शेजारी मिळत नसत. त्यांनी २००५ मध्ये वेगळी मांडणी केली: ही भाषा बोलणारा उद्याचा ‘मी’ ज्या मुलाला डोळ्यांपुढे दिसतो, ते मूल मेहनत घेतं. माझ्या मुलांपुढे कुणाचं चित्र आहे? टीव्हीवरच्या सुटाबुटातल्या माणसाचं. त्या चित्रात मेहरूण नाही, ते स्वतःही नाहीत. आधी ते चित्र बदलायला हवं.

२६ नोव्हेंबर

प्रश्न विचारला की मी किती वेळ थांबते, याकडे आज मुद्दाम लक्ष दिलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि लगेच पुढच्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तीन सेकंद थांबलं, तरी उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. तिचे वर्ग विज्ञानाचे होते आणि मुलं आपल्याच भाषेत बोलत होती. परक्या भाषेत तर शब्द जुळवायलाच वेळ लागतो.

आज फळ्यावर काही लिहिलं नाही. फक्त मेहरूण तलावाबद्दल विचारलं, ‘व्हॉट डू यू सी नियर द लेक इन द मॉर्निंग?’ आधी शेजारच्याशी बोला म्हटलं, मग थांबले. वर्गातली शांतता खूप लांबली असं वाटत होतं. तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. ‘ओल्ड मेन... वॉकिंग.’

मी म्हटलं, ‘येस, ओल्ड मेन आर वॉकिंग देअर. हू एल्स?’ तिचं चुकलं असं म्हटलं नाही, पण बरोबर वाक्य तिच्या कानावर घातलं. मग मागून आवाज आले, ‘बर्ड्स’, ‘बफेलो’, ‘प्लास्टिक, मॅडम, लॉट ऑफ प्लास्टिक.’ तास संपताना तीच मुलगी शेजारणीला पूर्ण वाक्य म्हणून दाखवत होती, ‘आर’सकट.

३ डिसेंबर

बहिणाबाईंचा स्मृतिदिन. परिपाठाला त्यांच्यावर भाषण झालं. असोद्यात जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई, शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी, मुलगा सोपानदेवांनी ती जपली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या माघारी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. मुलं अभिमानाने ऐकत होती.

मला मात्र त्या ‘मले येत नही’च्या चिठ्ठीची आठवण होत होती. बहिणाबाईंच्या बोलीत मूल वर्गात बोललं की आम्ही त्याला थांबवतो, ‘मले नाही, मला म्हण.’ ज्याला स्वतःच्या आईच्या बोलीत बोलताना टोकलं जातं, तो परक्या भाषेत तोंड कसं उघडेल? भीती इंग्रजीच्या तासाच्या आधीच मनात बसलेली असते.

आज नियम करून टाकला. इंग्रजीच्या तासाला कुठलीही गोष्ट आधी घरच्या बोलीत एकमेकांना सांगायची, हसायचं, भांडायचं, आणि मग त्यातलं जमेल तेवढं इंग्रजीत आणायचं. वर्गात एवढा गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून सर येऊन पाहून गेले. भालचंद्र नेमाडे ह्याच जिल्ह्यातल्या सांगवीचे. त्यांनी वर्षानुवर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवली आणि कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. एक भाषा घेताना दुसरी दाराबाहेर ठेवावी लागत नाही, हे सांगायला मुलांना ह्याहून जवळचं उदाहरण नाही.

९ डिसेंबर

मागच्या बाकावरच्या एका मुलाचा मामा रावेरकडे केळीच्या पॅकहाउसमध्ये कामाला आहे. त्याला म्हटलं होतं, निर्यातीचं रिकामं खोकं मिळालं तर घेऊन ये. आज आणलं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली, हे मुलांना ऐकून माहीत होतं. पण खोक्यावर काय छापलेलं असतं ते कुणी वाचलं नव्हतं.

खोकं टेबलावर ठेवलं आणि मी बाजूला झाले. ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’, ‘नेट वेट’, ‘हँडल विथ केअर’. एकमेकांना विचारत सगळं वाचून काढलं. मग तापमान आलं, तेरा अंश. कुणीतरी विचारलं, तेराच का? बर्फात का नाही ठेवत?

ज्याने खोकं आणलं होतं तो उठला. हा मुलगा इंग्रजीच्या तासाला कधी बोलत नाही. मराठीत सांगू लागला, त्याहून गार झालं की साल काळी पडते, जास्त उबदार झालं की केळी वाटेतच पिकते, मामानं सांगितलंय. सगळा वर्ग ऐकत होता. मी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, ‘इफ’ आणि ‘टर्न्स’. त्याने जोडत जोडत वाक्य केलं, ‘इफ इट इज टू कोल्ड, द बनाना टर्न्स ब्लॅक.’ व्याकरणाच्या पुस्तकात ह्याचा वेगळा धडा आहे. पण आज ‘इफ’ची गरज त्याला होती, कारण सांगण्यासारखी गोष्ट त्याच्याजवळ होती आणि आमच्यापैकी कुणाला ती माहीत नव्हती.

१७ डिसेंबर

एका सरांनी आपुलकीने सुचवलं, बरोबर उत्तराला एक पेन द्या, मुलं लगेच हात वर करतील. करतील, ह्यात शंका नाही. पण एडवर्ड डेसी यांचा १९७१चा प्रयोग मी त्यांना सांगितला. ठोकळ्यांचं कोडं सोडवायला काही विद्यार्थ्यांना पैसे दिले, काहींना नाही. पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात कोड्याशी खेळणं पैसे मिळालेल्यांनी कमी केलं. आधी ते मजेखातर सोडवत होते, मग पैशांसाठी सोडवू लागले, आणि पैसे गेल्यावर मजाही उरली नाही.

पेन देऊ नये असं माझं म्हणणं नाही. गरजू मुलाला पेन द्यावंच, पण ते उत्तराची किंमत म्हणून नको. उत्तराचं मोल म्हणजे ते कुणीतरी मन लावून ऐकणं. सरांना हे पटलं. त्यांनी स्वतःच्या गणिताच्या तासालाही थांबून पाहायचं ठरवलं आहे.

२४ डिसेंबर

साने गुरुजींची जयंती. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली आणि तिथं ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढू लागले. त्यातला मजकूर वाचणारी मुलं समोर होती, रोज वाट पाहणारी होती. खानदेशात शिक्षकाने कसं असावं याचं हे उदाहरण इथून तासाभराच्या अंतरावर घडलेलं आहे.

आमच्या मुलांचं लिहिणं वाचतं कोण? मी. तेही मार्क द्यायला. म्हणून एका प्रशिक्षणात ओळख झालेल्या केरळातल्या त्रिशूरच्या शिक्षिकेला आज फोन केला. त्यांच्या वर्गाची मातृभाषा मल्याळम, आमची मराठी. हिंदी दोन्हीकडे कामापुरती. दोन्ही वर्गांना एकमेकांना पत्र लिहायचं तर इंग्रजीशिवाय वाट नाही. त्या लगेच तयार झाल्या. सुट्टी संपली की पहिली पत्रं आमच्याकडून जाणार.

६ जानेवारी

पत्रात काय लिहायचं, यावर वर्गात भांडण झालं आणि शेवटी भरितावर एकमत झालं. हे दिवस भरिताचेच. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी मोठी वांगी भाजायची, साल काढून ठेचायची, मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल, आणि सोबत कळण्याची भाकरी. प्रत्येकाचं म्हणणं, आमच्या घरचंच खरं.

‘वुई रोस्ट’ की ‘ब्रिंजल्स आर रोस्टेड’, असा प्रश्न आपोआप आला. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडे काका भाजतात, तिच्याकडे आजी. मग कुणाचं नाव लिहायचं?’ मी म्हटलं, कुणाचंच नको असेल तर? मग लिहिलं गेलं, ‘द ब्रिंजल्स आर रोस्टेड ऑन ड्राय कॉटन स्टॉक्स.’ कर्मणी प्रयोग मुलं दरवर्षी ‘कर्ता मागे, कर्म पुढे’ असं पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. आज तो कशासाठी आहे ते त्यांना कळलं. केलं कुणी हे महत्त्वाचं नसून काय केलं हे महत्त्वाचं असतं, तेव्हा तो लागतो.

बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत १९७९ ते १९८४ दरम्यान एन. एस. प्रभू यांनी असाच प्रकल्प चालवला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे दिले आणि त्यातले प्रश्न सोडवायला लावले. लक्ष अर्थाकडे असलं की भाषा मुरत जाते, ही त्यांची धारणा. आमच्याही वर्गाला वेळापत्रक दिलं. जळगावहून त्रिशूरला कसं जायचं? मंगला एक्सप्रेस शोधून काढली, कोकणातून जाते हे पाहून सगळे खूश झाले. ‘व्हेन डज इट रीच?’ हे वाक्य आज किती जणांनी किती वेळा म्हटलं, याचा हिशेब नाही.

१७ जानेवारी

सहल, अजिंठ्याची. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि आपल्यापासून साठेक किलोमीटरवर आहेत. तरी वर्गातल्या बहुतेकांनी पाहिली नव्हती. फर्दापूरच्या फाट्याला गाडी सोडून पुढची चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. वाटेत रंगीत दगड विकणारे भेटतात. एक विक्रेता जपानी पर्यटकांशी जपानीत भाव करत होता. आमच्या एका मुलाने त्याला विचारलं, ‘दादा, कुठं शिकलात?’ तो म्हणाला, ‘ऐकून ऐकून. रोज तेच बोलावं लागतं ना.’ मुलं त्याच्याकडे पाहतच राहिली. इथं जवळच राहणारा माणूस परकी भाषा बोलतो आणि त्यावर घर चालवतो. डोर्नेई ज्या चित्राबद्दल लिहितात, ते मुलांना आज समोर दिसलं.

परतताना उन्हाने लाल झालेल्या एका परदेशी बाईंनी आमच्या मुलींना काही विचारलं. मी मागे होते, पुढे झाले नाही. तिसऱ्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, ‘वॉटर? डाऊन. नियर टिकिट. कम, आय शो.’ आणि त्यांना घेऊन गेली. वाक्यं अर्धीमुर्धी, पण पाणी मिळालं. परतीच्या प्रवासात ती शेवटपर्यंत बोलत होती, मराठीत, आणि प्रत्येकाला तोच प्रसंग सांगत होती.

१ फेब्रुवारी

आज मनाला लागलेली गोष्ट लिहायला हवी. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तासाला झोपतो. त्याला गोडी नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मधल्या सुट्टीत त्याच्याशी बोलले. हंगामात तो पहाटे वडिलांबरोबर बोरं घेऊन बाजारात जातो आणि तिथून थेट शाळेत येतो. मेहरूणचं बोर महाराष्ट्रभर नावाजलेलं. बागा कमी होत गेल्या, त्यांच्या जागी कॉलन्या उभ्या राहिल्या, पण हंगाम आला की काही घरांचं सगळं त्यावरच चालतं.

थकलेल्या मुलाला प्रेरणेची व्याख्यानं देऊन उपयोग नाही. त्याला आधी झोप हवी. वर्गशिक्षकांशी बोलून ठरवलं की हंगाम संपेपर्यंत इंग्रजीचं काम तो दुपारच्या तासांत करेल, पहिल्या तासाला त्याला कुणी उठवणार नाही. आणि त्रिशूरच्या पुढच्या पत्रात बोरांची निवड कशी करतात हे तो सांगेल, लिहिणारा शेजारी असेल. तोंडी सांगताना त्याने दहा मिनिटं घेतली, कुठलं बोर पाठवायचं, कुठलं इथंच विकायचं. वर्गात त्याच्याइतकं ह्यातलं कुणाला कळत नाही.

१२ फेब्रुवारी

त्रिशूरची पत्रं आली. मधली सुट्टी कुणी घेतलीच नाही. त्यांनी प्रश्न विचारले आहेत: कपाशीच्या काड्या म्हणजे काय? नारळाच्या करवंट्यांवर वांगी का भाजत नाही? तुमच्याकडे केळीचे वेफर्स खोबरेल तेलात तळतात का? त्यांच्याकडच्या नेंद्रन केळीचं चित्र एकाने काढून पाठवलं आहे. आमच्या मुलांना ते केळं भलतंच लांब वाटलं.

नवल म्हणजे पत्रांतल्या चुका त्यांना दिसल्या. ‘मॅडम, इथं एस राहिलाय.’ दुसऱ्याच्या वाक्यातला ‘एस’ दिसला, तेव्हा स्वतःच्या पत्रातही तो शोधायला लागले. उत्तर पाठवण्याआधी एकमेकांची पत्रं तपासायची, हे त्यांनीच ठरवलं. एरवी मी शंभरदा सांगून जे होत नाही ते समोर वाचणारा आहे म्हटल्यावर झालं.

संध्याकाळी पालकसभा होती. चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका आई म्हणाल्या, ‘आमच्या घरी इंग्रजी कुणालेच येत नही, आम्ही काय करणार?’ मी त्यांना सांगितलं, रोज पाच मिनिटं तिला वाचू द्या आणि तुम्ही ऐका. कळलं नाही तर विचारा, ह्याचा अर्थ काय गं? ती तुम्हाला समजावून सांगेल. आईला शिकवण्याइतकं आपल्याला येतं, हे कळण्यासारखा मान मुलाला दुसरा कुठला मिळणार? सभा संपल्यावर आणखी दोघीतिघी थांबून तेच पुन्हा विचारून गेल्या.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. मुलांनी दोन भाषांचं भित्तिपत्रक केलं आहे: मेहरूण तलाव, तिथले पक्षी, गणपती विसर्जन, बोरं, कचरा. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. इंग्रजीत चुका आहेत, पण एकही जागा कोरी नाही.

ह्या हिवाळ्यात जे पटलं ते लिहून ठेवते, जूनमध्ये नवी नववी येईल तेव्हा लागेल. गोडी आधी लावायची आणि मग भाषा शिकवायची, असा क्रम नसतो. मुलाजवळ सांगण्यासारखं काही असावं, ते ऐकणारं किंवा वाचणारं खरं माणूस असावं, आणि आज आपल्याला जमलं असं त्याला तासाला वाटावं. ह्या तीन गोष्टी जुळल्या की गोडी मागोमाग येते. मूल सांगायला लागलं की शिक्षकाने घाई न करता थांबायचं, आधी समजून घ्यायचं आणि चूक नंतर सुधारायची. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावं लागत नाही. त्यातल्या पत्रलेखनाला पत्ता हवा आणि त्यातल्या कर्मणी प्रयोगाला भरीत हवं.

जूनसाठी तीन कामं ठरली आहेत. पहिल्याच आठवड्यात त्रिशूरला पत्र. मुलांच्या घरच्या कामांची यादी करून त्यातून वर्षभराचे विषय काढायचे: डाळ मिल, चटई, केळी, सराफी, शेती. आणि शाळेतल्या बाकीच्या इंग्रजी शिक्षकांना ही वही वाचायला द्यायची. प्रत्येक वर्गात एकतरी मूल असं असतं, ज्याला एखादी गोष्ट आपल्यापेक्षा चांगली कळते. ते मूल शोधलं की इंग्रजीच्या तासाची सुरुवात तिथून करता येते.